नांगरलेल्या काळ्या रानाचं जाड थराचं निसर्गचित्र: भेगा कशा टाळायच्या?

ढेकूळ (लातूर):

नमस्कार मंडळी. ३ बाय ४ फुटांचं आडवं निसर्गचित्र करायचं आहे. एप्रिलमधलं नांगरून टाकलेलं काळं रान, मधे बांध, बांधावर एक लिंब, मागे बालाघाटाची सपाट माथ्यांची रांग आणि वर धुरकट पांढरं आभाळ. पुढच्या रानात थर इतका जाड हवा की ढेकळाची सावली खरोखरच पडावी. अगदी पुढे १० ते १२ मिमी उठाव, मागे जाताना कमी कमी, आभाळ जवळपास सपाट.

हार्डबोर्डच्या तुकड्यांवर चाचणी घेतली. ५–६ मिमी अॅक्रिलिकच्या थराला दुसऱ्या दिवशी भेगा, त्याही खोलगट जागी. त्याच रंगात शेतातली काळी माती चाळून मिसळली, तर पूर्ण जाळं.

अॅक्रिलिकच ठेवावं की तेलरंगाकडे वळावं? माती वापरायची इच्छा आहे, त्याला काही मार्ग आहे का? आणि एवढं वजन कॅनव्हास पेलेल का? काम मे अखेरपर्यंत चालेल, खोलीला पत्र्याचं छत आहे.

मुरमाड (परभणी):

आधी भेगांचं कारण. अॅक्रिलिक वाळतं ते पाणी उडून, आणि पाणी गेलं की थराचं आकारमान साधारण एक तृतीयांशाने घटतं. पातळ थरात हे आकसणं जाडीतच जिरतं. जाड थरात वर साय धरते, आत ओल राहते. मग आतला भाग आकसायला लागला की सायीवर ताण येतो आणि ती दोन उंचवट्यांमधल्या खोबणीत फाटते. दुपारी पारा चाळिशीपार आणि हवेत ओल नावालाच, अशा दिवसांत साय फार लवकर धरते. एकच रंग, एकच जाडी, पण श्रावणात भेग पडत नाही आणि एप्रिलमध्ये पडते, ती यामुळे.

तेव्हा जाडी ट्यूबमधल्या रंगाने भरू नका, मॉडेलिंग पेस्टने भरा. तिच्यात भरड जास्त आणि पाणी कमी, म्हणून ती कमी आकसते. तरीही एका वेळी ३ मिमीच्या वर जायचं नाही. १२ मिमीच्या ढेकळाला चार हात लागतील. प्रत्येक हाताची कड पातळ करत न्या. जाड थर एकदम पातळ थराला जिथे भिडतो तिथे भेग हमखास. दोन हातांत किमान ४८ तास जाऊ द्या. वाळलं का हे बोटाच्या मागच्या बाजूने पाहा: जाड जागा आजूबाजूपेक्षा गार लागली, तर आतून अजून पाणी उडतं आहे.

वाळणं लांबवायला चित्र आडवं ठेवा, चारी बाजूंना विटा उभ्या करा, वर पातळ पॉलिथीन टाका आणि दोन बाजूंना बोटभर फट सोडा. पहिले २४ तास असं झाकलेलं असू द्या. पंखा बंद. कूलर खोलीत असला तर चांगलंच, हवेत ओल राहते. त्याचा झोत मात्र चित्रावर येऊ देऊ नका. आणि डिसेंबर-जानेवारीत असं काम करणाऱ्यांसाठी: आपल्याकडे पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो. तेवढ्या थंडीत अॅक्रिलिकचे कण एकमेकांत नीट मिसळत नाहीत आणि थर ठिसूळ होतो. संध्याकाळी जाड हात देऊन रात्रभर उघडं ठेवायचं नाही.

पेस्ट घरीही होते. जाड अॅक्रिलिक जेल मापाने २ भाग, संगमरवराची बारीक पावडर १ भाग. पावडर आधी चार थेंब पाण्यात ओलावून घ्या, नाहीतर गाठी राहतात. पावडर वाढवत १ ला १ पर्यंत नेलं तरी चालतं, पण थर कडक होतो, म्हणून ते फक्त पक्क्या फळीवर. स्वस्त पडते म्हणून भिंतीची पुट्टी वापरू नका. ती सिमेंटची, लवचीकपणा शून्य, आणि तिचा क्षार काही रंग उडवतो. सुताराच्या पांढऱ्या गोंदात खडूची पावडर हा प्रकार सरावाच्या तुकड्यांपुरता ठीक. तो गोंद उन्हाने मऊ पडतो आणि ओलीने फुगतो.

आता माती. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, कारण तिच्यात माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर आहे. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच गुणाने, आणि तुमच्या तुकड्यावरचं जाळंही त्याचंच. चाळून उपयोग नाही. चाळणीतून जे खाली पडतं तेच सगळ्यात जास्त फुगतं. शिवाय तिच्यातल्या सेंद्रिय कचऱ्यावर पावसाळ्यात बुरशी येते.

त्याऐवजी खडी क्रशरवरची बेसॉल्टची भुकटी घ्या. काळी माती ज्या खडकापासून झाली तोच हा खडक, पण न फुगणारा. बादलीत ढवळा, वरचं गढूळ पाणी ओतून द्या, पाणी नितळ येईपर्यंत हे करत राहा. मग कडकडीत वाळवून रव्याच्या चाळणीने चाळा. जेलच्या एक चतुर्थांशापर्यंत मिसळा. चाळताना तोंडाला मास्क हवाच. मातीच हवी असेल तर भाजलेली घ्या, म्हणजे विटेचा किंवा खापराचा चुरा. भट्टीत मातीचं फुगणं कायमचं संपतं. रंग मात्र तांबडा होतो, त्यामुळे तो बांधाच्या मुरमाला चालेल, रानाला नाही.

दौलताबादी (छत्रपती संभाजीनगर):

कॅनव्हासचा विचार सोडा. ताणलेला कॅनव्हास बोटाने दाबला की हलतो. वरचा ताठ थर तसा हलू शकत नाही, म्हणून तो तडकतो किंवा पापुद्र्यासारखा सुटतो. हार्डबोर्डही या मापाला नको, एका बाजूने ओल खाल्ली की त्याचा द्रोण होतो.

६ मिमीचं पाण्याला टिकणारं प्लाय घ्या, बीडब्ल्यूपी दर्जाचं, आयएस ७१० चा शिक्का पाहून. मागे २ इंच बाय १ इंचाच्या पट्ट्यांची चौकट आणि मधे एक आडवी पट्टी, गोंद लावून स्क्रूने आवळलेली. स्क्रू मागून मारा आणि पट्टी व प्लाय मिळून होणाऱ्या जाडीपेक्षा लांब घेऊ नका, टोक पुढून निघेल. ३ बाय ४ फूट म्हणजे १.११ चौरस मीटर. नुसतं ६ मिमी प्लाय सव्वाचार किलोच्या आसपास भरतं, १२ मिमी घेतलं तर त्याच्या दुप्पट. उचलाउचलीत हा फरक फार जाणवतो.

पेस्टचा हिशेब असा. जाड भाग खालचा दोन पंचमांश धरला तर ०.४५ चौरस मीटर. पुढे १२ मिमी आणि मागे २ मिमी, सरासरी ५ मिमी पकडू. म्हणजे सव्वादोन लिटर, ५०० मिलीच्या पाच बरण्या घेऊन ठेवा. ओली असताना साडेतीन-चार किलो. फळी, चौकट, थर मिळून चित्र साधारण नऊ-दहा किलोंचं होईल. टांगताना एक खिळा नको, दोन बाजूंना दोन कड्या आणि भिंतीत गुल्ला ठोकून स्क्रू.

फळीची तयारी घाईत उरकू नका, थर सुटतो तो बहुतेक इथूनच. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, धूळ ओल्या फडक्याने टिपा. मागून, पुढून आणि चारी कडांना अॅक्रिलिक मिडियमचे दोन हात द्या. फक्त पुढून दिले तर फळी वाकते. मग गेसोचे (रंग धरण्यासाठीचं पांढरं अस्तर) दोन हात, एक आडवा एक उभा. जिथे जाड थर येणार तिथे शेवटच्या हातात मूठभर धुतलेली भुकटी टाका, म्हणजे पृष्ठभाग खरबरीत होऊन पकड येते. अजिंठ्यातही खडक छिन्नीने खडबडीत ठेवला आहे, त्यावर भाताचं तूस आणि तंतू घातलेल्या मातीचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग.

जवसफूल (धाराशिव):

तेलरंगाविषयी. १२ मिमी उठाव निव्वळ तेलरंगात करू नका. तेल वाळतं ते हवेतला ऑक्सिजन घेऊन, वरून आत. एवढा थर आतून वाळायला वर्षं लागतात आणि वरची साय सुरकुतते. पण वर सुचवलेल्या अॅक्रिलिक पेस्टच्या उठावावर १–२ मिमी तेलरंग ही जोडी उत्तम आहे. तेलरंगात सुरीची धार जशीच्या तशी उभी राहते, अॅक्रिलिकमध्ये ती वाळताना थोडी बसते. क्रम मात्र पक्का: अॅक्रिलिकवर तेल चालतं, तेलावर अॅक्रिलिक कधीच नाही. आणि जाड पेस्टला महिनाभर तरी द्या.

पांढरा घेताना ट्यूबवरचा बारीक कोड वाचा. पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम, पीडब्ल्यू ४ म्हणजे झिंक. झिंकचा थर काही वर्षांत ठिसूळ होऊन सुटतो, जाड कामात तर नकोच. अनेक ट्यूबांवर नाव टायटॅनियमचं आणि कोड दोन्ही असतात, त्या टाळा. अंबर लवकर वाळतो, तो खाली वापरा. आयव्हरी ब्लॅक फार सावकाश वाळतो, त्याच्यावर लवकर वाळणारा रंग चढवला की भेग. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त, हा नियम जाड कामात दुप्पट पाळायचा.

आपल्या भागात जवस आणि करडई दोन्ही पिकतात, म्हणून घाण्याचं तेल वापरावंसं वाटतं. जवसाचं कच्चं तेल रंगात नको. त्यात चिकट गाळ असतो, ते पिवळं पडतं आणि एकसारखं वाळत नाही. चित्रकलेचं म्हणून शुद्ध केलेलं जवस तेलच घ्या. करडईचं तेल कमी पिवळं पडतं, म्हणून रंग बनवणारे ते पांढऱ्या रंगात घालतात, पण ते सावकाश वाळतं आणि थर जरा कमजोर होतो. तुमच्या आभाळात शेवटच्या हाताला करडईच्या तेलातला पांढरा हवा, रानाच्या तळाला नको.

एक गोष्ट जपून. जवस तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तेल तापतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. पत्र्याखाली मे महिन्यात तर धोका फारच. पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका, नाहीतर बाहेर दोरीवर एकेक मोकळं पसरा.

ढेकूळ (लातूर):

फार नेमकं मिळालं, सगळ्यांचे आभार. फळी आणि पेस्ट पक्की, वरून तेलरंग. अजून दोन अडचणी. नांगराचे तास, म्हणजे फाळाने पडणाऱ्या लांब रेघा, दाखवायला कोणतं हत्यार, कारण सुरीने एकेक तास ओढला की तो फार नीटनेटका दिसतो. आणि काळ्या रानाचा रंग जाड थरात मळकट होतो, ढेकळं एकमेकांत मिसळून जातात. शिवाय थंड मेणाचं मिडियम मिसळलं तर धार छान राहते असं ऐकलं आहे, ते चालेल का?

पाणंद (बीड):

तासांसाठी हार्डवेअरच्या दुकानातली टाइल चिकटवायची दातेरी पट्टी घ्या, ६ मिमी दातांची. शिवाय पुट्टीच्या प्लास्टिक पट्ट्यांना ब्लेडने ४, ३ आणि २ मिमीचे दाते स्वतः कापा. पुढे मोठे दाते, मागे बारीक. पट्टी सरळ ओढली की तासांत पूर्ण अंतर पडतं, तिरकी धरून ओढली की अंतर कमी होतं. ओढता ओढता मनगट हळूहळू वळवलं, तर तास क्षितिजाकडे एकत्र येत जातात. हे कागदावर दहा वेळा करून मगच फळीवर. पूर्ण तास एका दमात ओढू नका. वीतभर ओढा, थांबा, पेस्ट अर्धी आवळली की लहान करणीच्या टोकाने मधेमधे ढेकूळ उपटून उलटं टाका. नांगराचा फाळ माती पलटतो. ढेकळाची एक बाजू कापल्यासारखी गुळगुळीत आणि दुसरी भुगभुगीत असते, तो फरक दाखवला की रान ओळखू येतं.

वरच्या सल्ल्यात एका ठिकाणी माझं मत वेगळं आहे. सगळा उठाव पांढऱ्या पेस्टमध्ये आधी घडवायचा आणि नंतर त्यावर रंग चढवायचा, याने रान हॉटेलच्या भिंतीवरच्या म्युरलसारखं दिसतं. आकार एकाने केला आणि रंग दुसऱ्याने लावला, असं होतं. जाड कामाचा सगळा जीव यात आहे की एकाच फटक्यात आकार आणि रंग दोन्ही उतरतात. म्हणून पेस्टने उंचीच्या तीन चतुर्थांशापर्यंतच जा, ओबडधोबड ठेवा, आणि शेवटचे ढेकूळ रंगाच्या फटक्याने पुरे करा. पेस्टही पांढरी नको, अंबर घालून करड्या रंगाची करा. पुढे कुठे टवका उडाला तर आतून पांढरं डोकावत नाही.

रंगाचं: एप्रिलमधलं कोरडं काळं रान काळं नसतंच. उन्हात ते राखाडी-तपकिरी, जांभळट झाक असलेलं दिसतं. खरं काळं फक्त भेगेत, ढेकळाच्या पोटात आणि पावसानंतर. ट्यूबमधला काळा रंग बाजूला ठेवा. अल्ट्रामरीन २, बर्न्ट अंबर २, बर्न्ट सिएना १ एवढ्यात गडद तयार होतो. त्यात पांढरा आणि थोडा यलो ओकर घातला की उन्हाची बाजू. सावलीच्या बाजूला ओकर नाही, अल्ट्रामरीन जरा जास्त.

मळकटपणा येतो तो फटक्यावर फटका दिल्याने. क्रम असा ठेवा. उठाव वाळला की गडद रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळ्या खोबणीत उतरवा आणि माथ्यांवरून फडक्याने पुसा. तो वाळू द्या. मग मधला रंग, कोरड्या ब्रशने, फक्त उतारांवर. शेवटी उन्हाचा रंग सुरीने, जाड. प्रत्येक फटक्यानंतर सुरी पुसायची, आणि एकदा टेकवलेली जागा पुन्हा छेडायची नाही. तयार गडद हा एक रंग धरून पॅलेटवर तीन रंगांपेक्षा जास्त मिसळू नका आणि दोन वळशांत थांबा, रंगाची शीर दिसत राहिली पाहिजे. नाहीच जमलं तर तेवढा रंग ओला असतानाच खरवडून काढा. वरून दुरुस्ती चढवत गेलं की चिखल होतो.

जाड जागा निवडून ठेवा. बालाघाटाची रांग सुरीने जाड केली तर ती बांधाच्या पुढे उडी मारून येते. धुळीमुळे एप्रिलमध्ये दूरचे डोंगर निळे दिसत नाहीत, फिकट करडे दिसतात. ते एकाच सपाट पातळ हातात सोडा, कड ओली असताना आभाळात जराशी विरघळवा. लिंबाची पालवी त्या दिवसांत कोवळी पोपटी असते. संपूर्ण चित्रात थंड रानाला छेद देणारी ती एकच जागा, तिथे चार-सहा जाड ठिपके पुरेत. व्हॅन गॉगची १८८८ ते १८९० मधली गव्हाची शेतं पाहा, फटक्याची दिशा पिकाबरोबर जाते आणि आभाळात शिरताच बदलते. तुमच्याकडे आभाळात दिशाच नको, कारण रानात ती भरपूर आहे.

उजेडही आधीच ठरवा. चित्रावर दिवा वरून पडतो. आडव्या उंचवट्याखाली सावली आपोआप पडते, उभ्या तासाला ती मिळत नाही. म्हणून आडव्या ढेकळांच्या खाली गडद रंग जरा कमी लावा, नाहीतर रंगवलेली आणि खरी सावली मिळून भोक दिसतं. उभ्या तासांत मात्र सावली रंगवूनच दाखवावी लागेल. काम करताना दिवा वरून ३० अंशांच्या कोनात लावून मधून मधून पाहत राहा.

जवसफूल (धाराशिव):

मेणाबद्दल. थंड मेणाच्या मिडियमने धार टिकते, चकाकी जाते, हे खरं. पण मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडायला लागतं. पत्र्याखालच्या खोलीत, खिडकीजवळ, मे महिन्यात पृष्ठभाग बऱ्यापैकी तापतो. तेव्हा मेण रंगाच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको, आणि तेही फक्त वरच्या हातात. मेणाच्या थरावर नंतर दुसरा रंग नीट धरत नाही. तुमच्या परिस्थितीत मी अल्किडचं (तेलरंगात मिसळायच्या लवकर वाळणाऱ्या कृत्रिम राळेचं) जाड मिडियम सुचवीन. ते दिवसभरात हाताला वाळतं, कडक होतं आणि उन्हाने मऊ पडत नाही. मेण आणि अल्किड एकाच जागी एकावर एक मात्र नको.

मुरमाड (परभणी):

पेस्टला अंबर घालायची पाणंद यांची सूचना बरोबर आहे, माझ्या उत्तरात ती यायला हवी होती. फक्त रंग पेस्टच्या एक दशांशापेक्षा जास्त घालू नका. त्यापुढे ती पुन्हा जास्त आकसायला लागते. आणि ओली असताना दिसते त्यापेक्षा वाळल्यावर ती गडद होते, हे धरून चाला.

दौलताबादी (छत्रपती संभाजीनगर):

चित्र पूर्ण झाल्यावरचं राहिलं. धूळ. आपल्याकडे जाड चित्राच्या खोबणीत दोन महिन्यांत धूळ बसते, आणि ओल्या फडक्याने पुसली की तिचा चिखल होऊन आत जातो. रुंद मऊ ब्रशने कोरडंच, वरून खाली झाडायचं, खाली व्हॅक्यूमचं तोंड धरून ठेवायचं, चित्राला न लावता. व्हार्निश लावायचं तर तेलरंगाला किमान सहा महिने ते वर्ष थांबा. मग मॅट व्हार्निश फवाऱ्याने, तीन-चार हलके हात. ब्रशने लावलं तर खोबणीत साचून चकाकणारी डबकी होतात.

पाठवायचं असेल तर बबल रॅप चित्राला थेट लावू नका. उन्हात त्याच्या फुग्यांचे ठसे रंगावर उमटतात. व्हॅन गॉगच्या अनेक चित्रांत रंगाचे उंचवटे चपटे झालेले सापडतात, कारण ओली चित्रं एकमेकांवर रचली गेली. म्हणून पृष्ठभागाला काहीच टेकता कामा नये. प्लायच्या चारही कडांना बाहेरून ३ इंच उंचीच्या पट्ट्या स्क्रूने लावा, त्या सगळ्यात उंच ढेकळापेक्षा किमान २ सेंटिमीटर वर आल्या पाहिजेत. त्यावर दुसरं पातळ प्लाय झाकण म्हणून. खोकं उभंच न्यायचं, रान खालच्या बाजूला. दुपारी बंद टेम्पोत ठेवू नका, रात्रीची गाडी धरा.